ड्रायव्हरसाहेबांच्या घरची

१२ जानेवारी

आईला आज मागच्या खोलीत हलवलं. ‘हलवलं’ हे कपाटाबद्दल म्हणतात, पण दुसरा शब्द सुचत नाही. वरच्या मजल्यावरची समोरची खोली, जिच्या खिडकीतून सगळी खाडी दिसते, ती भाड्याने गेली. मागच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. आई म्हणाली, “मला काय, कुठेही चालेल. खाडी काय पळून जातेय?”

भाडेकरू दादाने आणला. दादा हल्ली गावातली रिकामी खोली वासावरून ओळखतो. परदेशातून निवृत्त होऊन इथे राहायला येणारे म्हातारे-म्हाताऱ्या इतके वाढलेत, की ज्याच्याकडे बरी खिडकी आहे तो मालदार. मी ज्या हॉटेलात स्वागताच्या टेबलापाशी उभी राहायचे, त्या हॉटेलचे गेल्या वर्षी त्यांच्यासाठी फ्लॅट झाले आणि मी घरी बसले. तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने आमचं घर चालवावं हा न्यायच झाला.

माणूस उंच आहे, थोडा वाकलेला. एकच बॅग. दादा त्यांना साहेब-साहेब करत होता. चहा देताना मी विचारलं, तिकडे काय करायचात? म्हणाले, शहरात बस चालवायचो. जन्मभर.

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. तिकडच्या पेन्शनमध्ये तिकडचं भाडं भागत नाही, इकडे त्याच पेन्शनमध्ये माणूस साहेब होतो. मी त्यांचं नाव ड्रायव्हरसाहेब ठेवलं. म्हणजे दोघांचंही समाधान.

२० जानेवारी

मला काम मिळालं! मिळालं म्हणजे मीच काढलं.

टेकडीवर या लोकांसाठी नवं हॉस्पिटल झालंय. काचेचं, थंडगार, आत चाललं की आपल्याच पावलांची लाज वाटावी असं. डॉक्टर मात्र आपलेच, नगरपालिकेच्या दवाखान्यातून उठून वर गेलेले. आणि आपल्या डॉक्टर-नर्सना एक सवय आहे, ती काचेतही सुटलेली नाही. पेशंट आला की पहिला प्रश्न, “घरचं कोण आहे बरोबर?” घरचं माणूस नसेल तर त्यांचे हातच चालत नाहीत. रिपोर्ट कोणाला सांगायचा? उपाशी ठेवायला कोणाला बजावायचं? रागवायचं कोणावर? आणि हे बिचारे एकेकटे येतात, हातात फाइल घेऊन.

म्हणून मी घरचं माणूस झाले. रीतसर मोबदला घेऊन. त्यांची भाषा मी हॉटेलात शिकले आहेच.

पहिल्या गिऱ्हाईक मोत्यांच्या बाई. सकाळी सातलासुद्धा गळ्यात मोती. नर्सने विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?” आणि माझ्या तोंडून गेलं, “सून.” बाई विचारू लागल्या, काय सांगितलंस? मी सांगितलं. इतक्या हसल्या की ब्लडप्रेशर पुन्हा मोजावं लागलं.

माझं लग्न राहून गेलं. एका सकाळीत सून झाले, तेही सासूला आवडलेली. घरी येताना रिक्षात उगाच हसत होते.

३ फेब्रुवारी

दुपारी झोप लागली. स्वप्नात एक लांबच लांब पांढरा व्हरांडा होता, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर कोणीतरी म्हातारं, आणि सगळे मला वेगवेगळ्या नात्यांनी हाका मारत होते. मी प्रत्येकाला ओ देत होते. उठले तेव्हा संध्याकाळ झालेली आणि कोणती खोली, कोणतं घर, काही वेळ कळेना.

वर गेले तर आई गॅलरीत बसलेली. खाडीवरच्या पुलाचे दिवे लागले होते. म्हणाली, “दिव्यांना कडी लावली का गं नवीन? एकेकाभोवती गोल, रंगीत. आतून निळी, बाहेरून तांबडी.”

मी बघितलं. साधे दिवे होते.

“आणि पूल कसा विरघळल्यासारखा दिसतो,” ती म्हणाली, “साखरेचा असावा तसा.”

आई, या वयात तू कविता करायला लागलीस, मी म्हटलं. ती हसली नाही, नुसती मान हलवली. मला फार आवडलं ते. माझ्या आईने आयुष्यभर डबे भरले, उष्टी काढली, आणि आता कुठे तिला पूल साखरेचा दिसायला सवड मिळाली.

११ फेब्रुवारी

लिहू की नको, पण ही वही कोणी वाचत नाही. वरच्या मजल्यावर काहीतरी चाललंय.

ड्रायव्हरसाहेब आणि आई रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात. त्यांना आमची भाषा येत नाही, तिला त्यांची नाही. तरी बसतात. आज चहा घेऊन गेले तर साहेबांनी आईचा कप ट्रेमधून उचलला, तिचा हात हातात घेतला आणि कप त्यात ठेवला. हळूच. बोटं कपाच्या कानाभोवती मिटेपर्यंत हात सोडला नाही.

तिच्याकडे यायचं असलं की लांबूनच शीळ घालतात. जिना उतरताना शेवटच्या पायरीशी तिचा कोपर धरतात. बाबांनी उभ्या जन्मात आईचा कोपर धरला नव्हता.

मी गालातल्या गालात हसत खाली आले. आई सत्तरीची. काय हरकत आहे?

१९ फेब्रुवारी

भाडेकरूचे चोचले सुरू झाले. साहेब म्हणतात जिन्यात उजेड कमी आहे. मी मोठा दिवा लावला, त्यांच्या दारासमोर. नाही, म्हणाले, पायऱ्यांवर हवा. मग म्हणतात, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढू का? त्यांच्याकडे बसच्या पायऱ्यांना असतो म्हणे. मी म्हटलं, हे घर आहे, बस नाही.

दुपारी मोत्यांच्या बाईंकडून आले तर पट्टे ओढणं चाललेलं! गुडघ्यावर बसून स्वतः रंगवत होते. आई वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. रंग वाळल्यावर भराभर उतरून आली. कित्येक दिवसांत अशी उतरली नव्हती.

“छान झालं गं,” म्हणाली.

प्रेमात माणसाला जिनासुद्धा छान दिसतो.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझ्या आईला एकदा डॉक्टरांना दाखव.” (त्यांच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच. मी सोयीनं तू धरते.) मी म्हटलं, तिला काही होत नाही हो, ती घोड्यासारखी आहे. या लोकांचं सगळं बोलणं फिरून डॉक्टरवरच येतं. सांगायचं झालं तर माझी कमाई त्यावरच आहे, तेव्हा तक्रार नाही.

२७ फेब्रुवारी

दादा येऊन आदळआपट करून गेला. बेकरीवाल्याने त्याला विचारलं होतं, “मग, नवे वडील कसे आहेत?”

“तू घरात असून तुला दिसत नाही?” माझ्यावर ओरडला. “आई त्या माणसाच्या हाताला धरून बाजारात गेली होती! भर बाजारात!”

“गेली असेल. मी कामावर होते.”

“कामावर! परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायच्या आणि आपली म्हातारी...”

खोली तूच दिलीस ना, मी म्हटलं. या लोकांमुळे त्याचं बरं चाललंय. बेकरीचं, औषधाच्या दुकानाचं, रिक्षावाल्यांचंही. टेकडीचा रस्ता झाला, गावात पहिल्यांदा धड रुग्णवाहिका आली. दुसरीकडे माझ्या शाळेच्या बाई भाडं परवडेना म्हणून गाव सोडून गेल्या. बेरीज-वजाबाकी मला जमत नाही.

आई बोलणं ऐकत दारात उभी होती. आपण बोललो की ती हल्ली नुसते डोळे वळवत नाही, अख्खी मान वळवते, सावकाश, एखाद्या राणीसारखी. दादा जायला निघाला, तर आई दारातल्या त्याच्या बुटांना अडखळली. दूधही आज ओट्यावर ओतलं, पातेल्याच्या बाहेर. मी पुसलं. आई लाजली होती.

८ मार्च

आजचं लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

साहेबांनी आठवडाभर लकडा लावला होता, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. थेंबांची बाटली अर्धी भरलेली होती, पण म्हटलं जाऊ. त्यांचा डोळ्यांचा आजार जुना आहे, काचबिंदू. त्यापायीच बस चालवणं सुटलं.

टेकडीवरच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरांची खोली अंधारी असते. फक्त मशीनचा हिरवा उजेड. त्यात सगळे पाण्याखाली बसल्यासारखे दिसतात. नवी फाइल म्हणून डॉक्टरांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली आणि मी भाषांतर करत गेले.

“सुरुवातीला बाजूचं दिसेनासं झालं? समोरचं दिसतं पण कडेला ठेवलेला कप दिसत नाही, असं?”

मी त्यांना सांगितलं. हो, म्हणाले.

“बघायला अख्खी मान वळवावी लागायची?”

सांगितलं. हो.

“जिन्याची शेवटची पायरी चुकायची?”

हो.

“दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची?”

हे मला सांगता आलं नाही. तोंड उघडलं, पण ना त्यांच्या भाषेतला शब्द आला, ना माझ्या. डॉक्टर थांबले. साहेबांनी प्रश्न समजून घ्यायची वाटही पाहिली नाही. माझ्याकडे वळले, अख्खी मान वळवून, आणि हळू म्हणाले, “मी ड्रायव्हर होतो. ज्याला कडेचं दिसत नाही असा माणूस मला लगेच ओळखू येतो.”

काय वाटलं ते लिहिते. कोणीतरी तोंडात मारावी तसं वाटलं. मी घरचं माणूस आहे, घरचं माणूस असण्याचे पैसे घेते.

९ मार्च

रात्रभर आईशी काय बोलू ते ठरवत होते. सकाळी चहा दिला, तिच्या हातात दिला.

“कधीपासून?” मी विचारलं.

कप फिरवत राहिली. “थंडीच्या आधीपासून असेल. वाटलं, वयाचं आहे. धुकं पडल्यासारखं. वाईट नव्हतं गं. कधीकधी फार सुंदर दिसायचं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझं नवीन काम बसत होतं. खोली नुकतीच लागली होती. त्यात मी कुठे मध्ये येऊ?” मग म्हणाली, “आणि त्यांना न सांगता कळलं होतं. म्हणून मला आणखी कोणाला सांगायची गरजच वाटली नाही.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिचा हात आधी हवेत फिरला, मग माझं डोकं सापडलं.

१३ मार्च

आईला नगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांचा विभाग म्हणजे एक बंद दार. मोठ्या सिस्टर लहानपणापासून ओळखतात. म्हणाल्या, डॉक्टर आता महिन्यातून एकदा येतात, मशीन वरच आहे, नंबर पावसाळ्यानंतरचा मिळेल.

तेच डॉक्टर, म्हणून आईला घेऊन तशीच टेकडीवर गेले. त्यांनी ओळखीखातर दोन पेशंटच्या वेळांमध्ये आईला तपासलं. डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही. उजव्यात समोरचं आहे, तेही मोतीबिंदूमागे. काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये करू, म्हणाले, पण पावसाळ्याची वाट पाहिली तर करायला काही राहणार नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं.

“मग खाली दवाखान्यात लवकर करा ना,” मी म्हटलं.

“कशानं करू? मशीन इथलं आहे. यांच्या पैशातून आलंय, यांच्यासाठी. खाली राहिलो असतो तर अजून मागणीचे कागद पाठवत बसलो असतो.” चष्मा काढून पुसला. “मलाही ते रोज आठवतं, असं समज.”

मला त्यांचा राग करायचा होता. पण त्यांना नीट रागावण्याइतकी मी बाजूला उभी नव्हते.

वर पैसे भरून करायचं तर घर विकावं लागेल. दादा म्हणाला, विकू. हे तो मनापासून म्हणाला, आणि मला त्याची आदल्या दिवशीपर्यंतची सगळी बडबड माफ करावीशी वाटली. पण मग आई कुठे राहणार, हे त्यालाही सांगता येईना.

१६ मार्च

साहेबांनी आज त्यांचं हॉस्पिटलचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या योजनेत सभासद आणि ‘त्याच्यासोबत एकाच छताखाली राहणारी एक व्यक्ती’ यांचे उपचार फुकट, असं आहे. बायकोसाठी असतं. त्यांची बायको इथे येण्याआधीच गेली. जागा रिकामी आहे.

“खोटं काही लिहायचं नाही,” म्हणाले. “आम्ही राहतोच एका छताखाली.”

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो उठून उभा राहिला.

“आपली आई त्या माणसाच्या कार्डावर? त्याच्या छताखाली? अगं, छत आपलं आहे! विचार त्यांना छत कोणाचं आहे!”

“तुझ्या छताला डोळे बरे करता येतात का?” मी म्हटलं.

“अख्खं गाव हसेल. आधीच काय काय बोलतात!”

आई गॅलरीच्या दारात आली होती. चौकट धरून उभी. म्हणाली, “अरे, लोक बोलतात ते मला ऐकू येतं, कान चांगले आहेत. पण त्यांची तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे फारसं लागत नाही. तू माझं नाव घाल.”

दादा बसला. मग गॅलरीत बसलेल्या साहेबांना म्हणाला, “चहा घेणार?” त्यांना तेवढं मराठी आता कळतं.

१८ मार्च

कार्डाचं काम दादाने स्वतः केलं. मोठा मुलगा म्हणून जायचंच, म्हणाला. आई आणि साहेब समोर खुर्च्यांवर, मी मागे उभी होते.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “या यांच्या कोण?”

दादाचा कान लाल झाला. “हे आमचे भाडेकरू.”

“तसं नाही, या यांच्या कोण?”

“एका घरात राहतात,” दादा म्हणाला. घसा साफ केला. “यांच्या घरच्या आहेत. लिहा.”

आपल्याच गावात, आपल्याच डॉक्टरांना डोळे दाखवायला माझ्या आईला परक्या माणसाच्या घरची व्हावं लागलं. हसावं की रडावं कळेना. साहेब मात्र ताठ बसले होते, बस सुटायच्या आधी बसतात तसे.

उतरताना नगरपालिकेच्या दवाखान्यासमोर मागच्या गल्लीतल्या मावशी भेटल्या. एक डोळा पांढरा पडलेला, पावसाळ्यानंतरचा नंबर हातात. आईची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे साहेब आहे. आमच्या घराला खिडकीच नाही, आमच्याकडे कोण येणार?”

टोमणा नव्हता. खरंच बरं वाटलं होतं त्यांना.

२६ मार्च

ऑपरेशन झालं. मी बाहेर बसले होते, साहेब शेजारी. नर्सने येऊन विचारलं, “घरचं कोण?” आम्ही दोघंही उभे राहिलो. दादा पाणी आणायला गेला होता, तोही धावत आला.

डॉक्टर म्हणाले, पट्टी उद्या निघेल. जेवढं उरलंय तेवढं टिकावं. एखाद्या नळीतून बघितल्यासारखं दिसेल, पण स्वच्छ दिसेल.

मला त्या पांढऱ्या भिंतीला टेकून झोप लागली. स्वप्न पडलं नाही.

२७ मार्च

सकाळी पट्टी काढली, दुपारी आईला घरी आणलं. तिला तिच्या जुन्या खोलीत नेलं. साहेबांनी पहाटेच आपली बॅग उचलून मागच्या खोलीत ठेवली होती. भाड्याचं काय, म्हणून विचारलं तर हात झटकला. दादाने ते ठरवायचं ठरवलंय, म्हणजे महिनाभर तरी ठरणार नाही.

आई खिडकीशी बसली. मला वाटलं खाडी बघेल. पण साहेबांनी तिच्या खुर्चीची पाठ खाडीकडे केली आणि मला खूण केली, समोर बस. बाजूने नको, अगदी समोर. मग ते शीळ न घालता निघून गेले.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. तिने मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली, माझा चेहरा नळीत बसेपर्यंत. मग थांबली. बघत राहिली. इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं.

“हे कधी झालं?” म्हणाली.

“काय?”

तिने हात पुढे केला. या वेळी हवेत फिरला नाही, सरळ माझ्या कानामागे आला. “केस. किती पांढरे झाले गं. आणि डोळ्यांखाली हे... जेवतेस की नाही वेळेवर? किती महिने अशी फिरतेस माझ्यासमोर?”

आई, मी ठीक आहे, मी म्हटलं. माझ्याकडे असं कोणी कधी बघितलं होतं ते आठवेना. मी सगळ्यांची सून, सगळ्यांची लेक, आणि माझे केस पांढरे झाल्याचं मलाही माहीत नव्हतं.

मोत्यांच्या बाईंची वेळ चारची होती. मी उठायला गेले.

“बस,” आई म्हणाली. “हलू नकोस. बाजूला गेलीस की दिसत नाहीस.”

मी बसले. बाईंना दादाकडून निरोप पाठवला, की आज त्यांची सून येणार नाही. मग संध्याकाळ होईपर्यंत आई माझ्याकडे बघत होती आणि मी न हलता तिच्यासमोर बसले होते.